पुस्तकातले विष

"पुस्तकातल्या विषाले वास नसते काय गा?" कपाशीवर फवारणी करून परतलेल्या शेजारच्या काकांनी आज ओसरीवर टेकता टेकता विचारले. कॉफीतून विष दिल्याची रहस्यकथा मी त्यांना नुकतीच रंगवून सांगितली होती.

त्यांच्या दुपट्ट्याला औषधाचा उग्र दर्प येत होता.

अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत असल्यामुळे तिच्या कथांतली विषे इतकी नेमकी असतात, हेही मी (जरा मिरवतच) सांगितले. काका म्हणाले, "मंग तिले मात्रा ठाऊक असन. आमाले त डब्यावरचं अक्षरबी दिसत नाई."

२०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवले. खुनी सापडायला चाळीस पाने उरली आहेत; पुस्तक मात्र सकाळपासून पालथेच पडले आहे.