पत्र्याच्या पेटीतले पुणे

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी मी आणि माझा जोडीदार पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून पुण्याला निघालो. पुण्यातल्या समलिंगी माणसांच्या आयुष्याच्या खुणा कुठे उरल्या आहेत ते पाहावे आणि जमेल तेवढे टिपून ठेवावे, हा हेतू होता. स्वारगेटला उतरून मेट्रो धरावी, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी आणि छत्रपती संभाजी उद्यानापाशी उतरावे. रिक्षापेक्षा हे सोयीचे पडते.

पुण्याचा पहिला प्राइड मोर्चा, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचा अभिमान मोर्चा, ११ डिसेंबर २०११ रोजी निघाला. नंतरच्या वर्षांतले मोर्चे या उद्यानापाशी जमून जंगली महाराज रस्ता, डेक्कन, फर्ग्युसन रस्ता असे जात आले आहेत, म्हणून आम्हीही तोच मार्ग पायी धरला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना लागू होत नाही, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाचा पहिल्या मोर्चाच्या वेळी आधार होता. बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि त्याच न्यायालयाकडून या कलमाच्या धाकातून सुटका व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. एवढे घडून गेलेल्या या रस्त्यावर त्याची नोंद असलेली एकही पाटी आम्हाला दिसली नाही, हे मला फार खुपले.

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या फाटकाशी थोडे थांबावे. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे येथे शिकले. पुढे मुंबईहून त्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, आणि समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी २०० रुपये दंड झालाच. मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. निघण्यापूर्वी ते चाळून घ्यावेत.

कार्यकर्ते बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समलिंगी माणसांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट पुण्यात सुरू केल्यानंतरचा काळ बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. त्याआधीचे पुणे मात्र माणसांच्या घरात आहे, आणि आमच्या सहलीचा खरा दिवस तिथेच गेला. एका परिचितांच्या ओळखीने सदाशिव पेठेतल्या एका काकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, घरी एकटेच. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत सुतळीने बांधलेली आंतर्देशीय पत्रे होती आणि १९८४ ची खिशातली डायरी. पत्रांखाली सही म्हणून एकच अक्षर. डायरीत मित्राचा पत्ता ‘सायकल दुरुस्ती’ या नावाखाली लिहिलेला. मी हात लावायला कचरलो, तेव्हा काका म्हणाले, “घे रे हातात, इतकी वर्षं टिकलीय ती.” पहिल्या मोर्चाच्या दिवशी ते समोरच्या फुटपाथवर भाजीची पिशवी घेऊन उभे होते, चालणाऱ्यांमध्ये शिरायचे धाडस झाले नाही, पण शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत ते हलले नाहीत.

अशा घरी जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. मूळ वस्तू मागू नये; खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढावेत आणि पत्रांना लॅमिनेशन मुळीच करू नये. काय उघड करायचे आणि काय नाही हे त्या माणसाकडून लिहून घ्यावे, आणि पत्रे पाठवणाऱ्याचीही ओळख झाकावी, कारण त्याची परवानगी आपल्याकडे नसते. घरच्यांसमोर विषय काढू नये. ध्वनिमुद्रणाआधी पंखा बंद करावा; आम्ही तो केला नाही आणि पहिल्या अर्ध्या तासातले काकांचे बोलणे घरघरीत बुडाले, ते पुन्हा तसे येणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती त्याच रात्री वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि प्रत्येकीला तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याने निवडलेले नाव द्यावे.

एका दिवसात एकाच घरी जावे. आम्ही दुपारी आणखी एकांना भेटायचे ठरवले होते, ते काकांचा चेहरा पाहून रद्द केले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. डायरीची जूनपर्यंतची पाने झाली आहेत. उरलेली टिपायला फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत. तोपर्यंत ‘सायकल दुरुस्ती’वाल्याच्या घरी कळवायचे की नाही, हे काका ठरवणार आहेत.