दोन प्रश्न, एक घर

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाला ‘आता तुम्ही इथलेच झालात ना?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तराजू असतो: इकडचे पारडे जड झाले की तिकडचे हलके व्हायलाच हवे. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी हा तराजूच मोडीत काढला. आपली संस्कृती जपणे आणि नव्या समाजात मिसळणे हे त्यांनी दोन स्वतंत्र प्रश्न मानले, त्यामुळे दोन्हींना ‘हो’ म्हणण्याची वाट मोकळी झाली. असाच विचार सरकारी पातळीवरही दिसतो: कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे, म्हणजे आपापली संस्कृती जपत एकत्र नांदण्याचे, धोरण जाहीर केले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदाही केला.

घरात मात्र हे इतके नेटके नसते. मी मातृभाषेत विचारते, मुलगी नव्या भाषेत उत्तर देते, आणि त्यात दोघींनाही काही वावगे वाटत नाही. पण तीच मुलगी ‘मोठ्यांना उलट प्रश्न का विचारायचा नाही?’ असे म्हणते, तेव्हा शाळेने दिलेला धीटपणा आणि घराने शिकवलेला आदर समोरासमोर उभे राहतात. शेवटी (तडजोड म्हणा हवी तर) असे ठरले, की प्रश्न कोणताही चालेल, आवाज मात्र चढवायचा नाही. हा नियम पहिल्यांदा मीच मोडला.