ब्लिनाची कॅशलेस मंजुरी आणि टीपीएच्या क्वेऱ्या : माझा अनुभव

भाऊ आता बरा आहे, पण टीपीएचे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचे) ते मेल आठवले की अजून डोकं तापतं. पुढे कुणावर ही वेळ आली तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. घर नंदगडच्या बाजूला. त्याला बी-पेशींचा एएलएल झाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. निदान, केमो, पुण्याला हलवणं हे सगळं वेळेत झालं. केमोनंतर एमआरडी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत इतक्या थोड्या पेशी उरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी ब्लिनाटुमोमॅब (ब्लिना) देऊ. अमेरिकेत हे औषध 2014 पासून आहे, एमआरडीसाठीची मान्यता 2018 ची.

आणि इथे गाडी अडली. भावाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, टाकल्यावर टीपीएची क्वेरी : औषध सलाइनमधून जातं, तर डे-केअरमध्ये द्या, 28 दिवस भरती कशाला? उत्तर पाठवलं. तीच क्वेरी नव्या नंबरने परत. फोन केला की, ‘मॅडम, प्रोसेसमध्ये आहे.’ इकडे हॉस्पिटलचा डेस्क म्हणतो, मंजुरीशिवाय औषधाची ऑर्डर नाही. टीपीएत कुणी ते उत्तर उघडून वाचलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटी डॉक्टरांकडून समजून घेऊन मीच सोप्या भाषेत एक पान लिहिलं. हे औषध म्हणजे अँटिबॉडीची दोन टोकं प्रयोगशाळेत एकत्र जोडलेली. एक टोक टी-पेशीवरचं (शरीराच्या संरक्षक पेशीवरचं) सीडी3 हे प्रथिन धरतं, दुसरं कॅन्सरच्या पेशीवरचं सीडी19. दोन्ही पेशी अंगाला अंग लागून आल्या की टी-पेशी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिनं सोडून समोरचीला मारते. पण नेहमीच्या अँटिबॉडीला असते ती शेपटी याला नाही, रेणू लहान, त्यामुळे साधारण दोन तासांत निम्मं औषध अंगातून गेलेलं असतं. म्हणून पंपावर रात्रंदिवस 28 दिवस, मग 14 दिवस सुट्टी, अशी एक सायकल. चार तास डे-केअरमध्ये लावून घरी पाठवायचं हे औषधच नव्हे.

त्यावर नवा फाटा : औषधाच्या माहितीपत्रकात एमआरडीसाठी पहिले 3 दिवसच भरती सांगितलीय, बाकी घरी द्या. तसं लिहिलंय हे खरंच. पण निर्जंतुक खोलीत भरलेली पिशवी थंड ठेवून नंदगडला कोण आणणार आणि कोण बदलणार? पावसात आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. मध्यरात्री ताप चढला तर पुणं गाठायचं कसं? डॉक्टरांनी हेच मुद्दे सही-शिक्क्यानिशी लिहून दिले. मी ते टीपीएला पाठवलं, आणि सोबत भावाच्या एचआरला आणि पॉलिसीच्या ब्रोकरलाही. ब्रोकरचा फोन गेला आणि मंजुरी आली. ग्रुप पॉलिसी असेल तर आधी एचआरलाच धरा, कॉल सेंटरच्या नादी लागू नका.

पुरी रक्कम मात्र मिळाली नाही, पॉलिसीत इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींकडून काम करून घेणाऱ्या अशा औषधांना, मर्यादा होती. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019 च्या सूचनांत 12 आधुनिक उपचारांची यादी होती. इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी त्यात होत्या. त्या सूचनांप्रमाणे कंपनीला मर्यादा घालता येत होती, उपचार सरसकट वगळता येत नव्हता. ‘हे कव्हरच होत नाही’ असं कुणी म्हटलं तर आपल्या पॉलिसीत ती यादी आहे का ते आधी बघा.

पंप सुरू झाल्यावर पहिल्या रात्री ताप आला, टी-पेशी जाग्या झाल्या की येतो. आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं होतं, निभावलं. मेंदूवर परिणाम होतोय का ते बघायला रोज एक वाक्य वहीत लिहायला लावत, अक्षर बिघडतंय का ते बघत. आमचा पठ्ठ्या रोज एकच लिही, ‘अक्का, चहा आण.’ आणि हो, नवीन सिस्टर ड्युटीवर आली की आठवण करा : पिशवी बदलताना ती लाइन फ्लश करायची नाही. नळीतलं औषध एकदम आत जातं.

तक्रार वाढवायचीच झाली तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. हॉस्पिटल पुण्याचं असलं तरी आपला पत्ता कर्नाटकातला, म्हणजे बेंगळुरूचा लोकपाल. आणि दुसऱ्या सायकलचं प्री-ऑथ त्या 14 दिवसांच्या सुट्टीतच टाका. मी तर पंप काढला त्याच संध्याकाळी टाकलं, डॉक्टरांचं पत्र पहिल्याच मेलला जोडून.