सोमवारी बंद

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना. इथे एमए करताना मला विद्यापीठाच्या करिअर कार्यालयात आठवड्याला २० तासांचं काम मिळालं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गावातल्या कृष्णवर्णीय व्यावसायिकांकडे अर्धवेळ कामं मिळवून द्यायची. साताऱ्याच्या पोराला हे काम का दिलं, कुणास ठाऊक. बहुधा दुसरं कुणी तयार नसावं.

मी चाळीसेक दुकानदारांना ईमेल धाडले आणि शनिवारी सकाळी ११ वाजता मेळावा ठेवला. विद्यार्थी भरपूर आले. व्यावसायिक दोन, आणि त्यातले एक पार्किंगचा पत्ता विचारायला आत शिरले होते. शनिवार हा सलूनवाल्यांचा, बेकरीवाल्यांचा कमाईचा दिवस, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून सोमवारी स्वतः गेलो, तर सलूनला कुलूप. आमच्याकडेही सोमवारी सलून बंदच असतं की! स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

मंगळवारी मात्र फॉर्म बॅगेतच ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसलो. केस कापून घेता घेता सलूनच्या मालकांना विचारलं, "इथे हैतीमध्ये तुमचं दुकान किती वर्षं आहे?"

"हेटाय," त्यांनी आरशातूनच दुरुस्त केलं. डरहॅममधल्या या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचं नाव हैती देशावरूनच पडलंय, पण इथे म्हणतात हेटाय.

मग कात्री चालू राहिली आणि बोलणंही. जॉन मेरिक गुलामगिरीत जन्मलेला. पेशाने न्हावी, तंबाखूसम्राट ड्यूक त्याच्याकडे दाढी करायचे. त्याने इतरांना बरोबर घेऊन १८९८ साली नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही विमा कंपनी काढली. मग १९०७ साली मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक उभी राहिली. दोन्ही जिथे होत्या, त्या पॅरिश स्ट्रीटला लोक 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' म्हणू लागले. पुढे शहर सुधारण्याच्या नावाखाली हेटायमधून हमरस्ता गेला आणि शेकडो धंदे, हजारो घरं उठली. "तुझी मुलं त्या रस्त्यावरून भुर्रकन जातात," ते म्हणाले, "खाली कोण राहतं ते त्यांना दिसणार कसं?"

मी नोट्स काढायला लागलो तर म्हणाले, "मान हलवू नकोस."

शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमच्या मुलांना काय शिकायचंय ते तू सांगितलंस. मला काय हवंय, ते कोण विचारणार?" त्यांना हवा होता हिशेब सांभाळणारा माणूस. पावत्या बुटांच्या खोक्यात, कर भरायची वेळ आली की रात्रभर जागरण.

आता पगाराचा प्रश्न. फुकट इंटर्नशिपची सूचना कार्यालयात कुणीतरी केलीच. ज्या मुलीला शिकता शिकता भाडं भरायचंय, तिने फुकट का राबायचं? गरजू विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामाच्या पगाराला हातभार लावणारी सरकारी 'वर्क-स्टडी' योजना सापडली, पण खासगी धंद्याच्या बाबतीत सरकार जास्तीत जास्त निम्मा पगार देतं. उरलेला निम्मा मालकाचा. शिवाय काम शक्यतो विद्यार्थ्याच्या अभ्यासाशी जुळणारं हवं. अकाउंट्सची मुलगी हिशेब पाहणार, म्हणजे ते जमलं. तासही दुकानाला झेपतील एवढेच धरले, आठवड्याला सहा.

करारनामा मात्र अकरा पानांचा, वर विम्याचं प्रमाणपत्र. एका केटरिंगवाल्या बाईंनी तो चाळला आणि परत दिला. त्यांना मी आजही दोष देत नाही. आमच्या विधी विभागाला तो चार पानांवर आणायला सहा आठवडे लागले. तेवढ्यात मी तीनदा केस कापून घेतले. डोक्यावर कापायला काही उरलं नव्हतं.

सेमिस्टर संपेपर्यंत चारच जोड्या जुळल्या. त्यातला एक मुलगा दुसऱ्याच आठवड्यात सोडून गेला, कारण बस तासाला एक आणि दुकान हमरस्त्यापलीकडे. पुढच्या वेळी आधी बसचं वेळापत्रक बघितलं, मग नावं.

हिशेबवाली मुलगी मात्र टिकली. तिच्या कामाचा वार कोणता हे ठरवताना मी गिऱ्हाइकांची गर्दी, तिची लेक्चरं, सगळं मांडत बसलो होतो. मालकांनी एका वाक्यात संपवलं.

"सोमवारी ये. दुकान बंद असतं, पण तुला मागचं दार उघडून देईन."