आमची वाटचाल: दैनिकाची पानं लावता लावता

आमचा धंदा पानं लावण्याचा, म्हणजे छपाईआधी बातम्या पानावर मांडण्याचा. लोअर परळच्या एका गाळ्यात, नव्वदच्या दशकात, एका मराठी दैनिकाच्या पुरवण्यांपासून तो सुरू झाला. वडील गिरगावातल्या छापखान्यात जुळारी होते, आयुष्यभर अक्षरांचे धातूचे खिळे जुळवले. अक्षराकडे बघायची नजर त्यामुळे घरातूनच मिळाली. संध्याकाळी उपसंपादक खुर्चीमागे उभे राहून पान लावून घ्यायचे, बातमी दोन ओळी वाढली की तिथल्या तिथे कापायचे, आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या पानाची निगेटिव्ह घेऊन आमचा मुलगा छापखान्याकडे धावायचा. पुरवण्यांनंतर रोजची आतली पानं आली, मग पहिलं पानही आलं.

दैनिकानं संकेतस्थळ काढायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांचा समज असा, की मजकूर संगणकात आहेच, तो उचलून वर चढवायचा. पण आमच्या संगणकात जे होतं, ते खरं तर मराठी नव्हतंच. तेव्हाचे देवनागरी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी आपली चिन्हं बसवायचे. फॉन्ट काढून घेतला की अग्रलेखाच्या जागी नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडायची सोय नाही. वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो जमला नाही तर बातमी राहिली बाजूला. काही दैनिकं अख्ख्या मजकुराचं चित्रच टाकत. ते दिसायचं छान, पण त्यातला एक शब्द शोधता येत नसे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये ती संगणकावर दिसूही लागली. तरी आमची सुटका झाली नाही, कारण पान ज्या पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरवर लागायचं त्याला युनिकोड कधीच कळलं नाही. मग छपाई जुन्या फॉन्टात, संकेतस्थळ युनिकोडमध्ये आणि मध्ये रूपांतराचं काम, असा दुहेरी संसार कित्येक वर्षं चालला. आज आमची संस्था उभी आहे ती या मधल्या कामावर.

हे काम वरून यांत्रिक वाटतं. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी ‘स्’च्याही आधी. युनिकोडला ती ‘थ’नंतर लागते. रफाराचं नेमकं उलटं. इतपत नियम लिहून भागतं. खरा घोळ ‘मुंबई’पासून सुरू होतो. अनेक जुन्या फॉन्टांत ‘इ’च्या डोक्यावर रफार ठेवून ‘ई’ बनवत. रूपांतरात त्या रफाराचा ‘र्’ झाला की शब्दात ‘ब’नंतर ‘र्’ आणि ‘इ’ असे दोन वर्ण बसतात. पडद्यावर तो शब्द ‘मुंबई’सारखाच दिसतो, मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही निसटतो, पण ‘मुंबई’ शोधणाऱ्याला ती बातमी कधीच सापडत नाही. आपल्याच शहराची बातमी आपल्याच शहराच्या नावानं सापडू नये, हे मला आजही सहन होत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक फाइलची पहिली तपासणी या एका अक्षराची असते.

दुसरी तपासणी ‘र’ची. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या यांतला फरक रूपांतरात पुसला जातो, आणि तो मराठी वाचणारा माणूसच परत आणू शकतो. मुद्रितशोधकाचं पद दैनिकांमधून जवळजवळ गेलं. आमच्याकडे मात्र ते पगारावर आहे आणि राहील. शिवाय प्रत्येक पानाची भाषा मराठी आहे असं आम्ही आत नोंदवतो. तशी नोंद असली आणि फॉन्टात सोय असली, तर फोनवर पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ उमटतो, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं पुढे येतात.

न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, महागला की पानं कमी होतात आणि आमचं बिलही. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के शुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. त्याच सुमारास, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत मुंबईत काही दिवस अंक छापलेच गेले नाहीत. पानं मात्र आम्ही घरून लावत होतो आणि त्यांची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरत होती. आठ कॉलमांचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर वाचताना लोकांचे हाल होत. तोवर संकेतस्थळाला जोडकाम समजणारे मालक तेव्हा पहिल्यांदा स्वतःहून विचारू लागले, की बातमी फोनवर सरळ वाचता यावी यासाठी काय करावं लागेल. आता बातमी आधी युनिकोडमध्ये लिहिली जाते, तिथून ती संकेतस्थळावर जाते आणि पानावर नंतर. पान लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन देवनागरी नीट जुळवू लागल्यापासून युनिकोडमधून जुन्या फॉन्टात उलटं रूपांतरही लागत नाही.

सध्या आमचं निम्मं काम जुन्या अंकांचं आहे. १८३२ साली याच मुंबईत निघालेल्या ‘दर्पण’चा कागद जपण्याची काळजी अभ्यासकांना असते, ते रास्तच आहे. माझ्या मते त्याहून मोठा धोका १९९० ते २०१० च्या मजकुराला आहे. तो सीडींवर, झिप डिस्कवर पडून आहे, आणि फाइल उघडली तरी फॉन्ट नसेल तर काही वाचता येत नाही. गिरणगाव बदलत होतं त्या काळातल्या प्रभागांच्या बातम्या, चाळींच्या सभा, नाट्यगृहांच्या जाहिराती यांत आहेत.

छोट्या साप्ताहिकांकडूनही आम्ही हे काम घेतो, दर बोलून ठरवता येतो. येताना फायलींबरोबर त्या काळचा फॉन्ट आणि शक्य असल्यास त्याच तारखेचा एक छापील अंक आणा. फॉन्ट हरवला असेल, तर अंक समोर ठेवून एकेका चिन्हाची जागा लावता येते. त्याला वेळ लागतो, पण होतं.