सहा नंबरची तार

कणकवलीत माझं प्रिंटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक पतपेढ्या, विकास सोसायट्या आणि गॅस एजन्सीवाले, म्हणजे अजून डॉट मॅट्रिक्सवर पासबुकं नि पावत्या छापणारी मंडळी. खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या पिना घासायच्या, हेडच्या वाकलेल्या सुया बदलायच्या, यातच दिवस जातो. मे महिन्यात देवगडकडून एका निवृत्त सरांचा फोन आला. "शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटराक प्रिंटर जोडूचो आसा. येतलंस मां?"

कॉम्प्युटर म्हणजे बीबीसी मायक्रो, ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश शालेय संगणक. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमधून संगणक शिकवण्यासाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा हाच संगणक निवडला होता. पुढे मोहालीत तो एससीएल युनिकॉर्न या नावाने तयारही होऊ लागला. मेमरी ३२ केबी, प्रोसेसर ६५०२, आणि कीबोर्डच्या वरच्या कडेला दहा लाल कळा. सरांनी तो इतकी वर्षं धोतराच्या कापडात गुंडाळून प्रयोगशाळेच्या कपाटात जपला होता.

त्यांना हवा होता एक कागद. १९८९ च्या पावसाळ्यात शाळेच्या पर्जन्यमापकावरच्या रोजच्या नोंदी मुलांनी या यंत्रात भरल्या होत्या, आणि नक्षत्रवार बेरीज करणारा प्रोग्रॅम सरांनी बेसिक या संगणकभाषेत लिहिला होता. मूळ वही वाळवीने खाल्ली. नोंदी नि प्रोग्रॅम साठवलेली कॅसेट राहिली. शाळेच्या अमृतमहोत्सवात तो तक्ता लावायचा होता. यंत्राला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढता आला असता, मी तसं सुचवलंही. सर म्हणाले, "ह्याच यंत्रातून कागद भायर येऊक व्हयो." मला ते पटलं. मग मी दुसरा पर्याय काढलाच नाही.

आदल्या आठवड्यात पॉवर सप्लाय दुकानात आणून त्यातले तडकलेले फिल्टर कपॅसिटर मी बदलले होते. जुनं यंत्र तसंच प्लगमध्ये घातलं तर हेच कपॅसिटर धूर करतात. त्यामुळे नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळलो तेव्हा यंत्राची काळजी नव्हती. काळजी केबलची होती.

प्रिंटरच्या मागचं ३६ पिनांचं सॉकेट सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० साली आणलं आणि ते सगळीकडे रूढ झालं. संगणकाच्या बाजूला मात्र ज्याचं त्याचं वेगळं. आयबीएमने १९८१ साली पीसीला २५ पिनांचं सॉकेट दिलं, त्याच वर्षी आलेल्या बीबीसी मायक्रोला २६ पिनांचं, तेही यंत्राच्या पोटाखाली. माझ्या दुकानातली एकही तयार केबल तिथे बसत नव्हती.

पण भंगाराच्या खोक्यात जुन्या ४८६ पीसीच्या मदरबोर्डची एक पट्टी सापडली होती. एका टोकाला २६ भोकांचा कनेक्टर, मध्ये करड्या रंगाची चपटी रिबन केबल, दुसऱ्या टोकाला पीसीचं २५ पिनांचं सॉकेट. सरांकडच्या मूळ पुस्तकातला पिनांचा तक्ता मी बोट ठेवून ताडून पाहिला. एक नंबरच्या तारेवर स्ट्रोब, म्हणजे 'अक्षर तयार आहे, घे' हा इशारा, तीनपासून सतरापर्यंतच्या विषम तारांवर डेटाचे आठ बिट, एकोणीसवर अ‍ॅकनॉलेज, म्हणजे प्रिंटरची 'मिळालं' ही पोच. पट्टीतही अगदी तसंच! यंत्र उताणं करून कनेक्टर दाबला, पुढे नेहमीची प्रिंटर केबल लावली आणि प्रिंटरचं बटण दाबलं.

प्रिंटर निपचित. चालू होताना हेड डावीकडे सरकून येतं, तेही नाही. केबल काढली की हेड सरकतं, लावली की पुन्हा मुकं. तासभर मी प्रिंटरवरच संशय घेत राहिलो. माझ्या धंद्यातली ही सवयच आहे, बिघाड आधी प्रिंटरात शोधायचा.

मग मल्टीमीटर लावला. बीबीसीच्या सम नंबरच्या तारा ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेल्या. दोन नंबर बीप, चार बीप, सहा बीप, आठ बीप. आणि डोक्यात प्रकाश पडला. विषम तारा जुळत होत्या, पण पीसीच्या पट्टीत या चार तारा ग्राउंडच्या नाहीत. दोनवर ऑटोफीड, चारवर एरर, सहावर इनिशियलाइझ, आठवर सिलेक्ट. इनिशियलाइझची तार खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर ओढली की प्रिंटर रीसेट होतो. इथे ती कायमचीच ग्राउंडला बांधली गेली होती. प्रिंटर बिचारा जन्मतच नव्हता!

मूळ आखणी किती विचारपूर्वक केली आहे तेही तेव्हा कळलं. चपट्या केबलवर दाबून बसवायचा ३६ पिनांचा कनेक्टर असता, तर बीबीसीचं सॉकेट एकही तार न उलटवता थेट प्रिंटरला लागलं असतं. प्रत्येक सिग्नलच्या शेजारी स्वतःची ग्राउंडची तार. माझ्याकडे तो कनेक्टर नव्हता, एवढंच.

ब्लेडने दोन, चार आणि सहा नंबरच्या तारा सोडवून कापल्या. आठची तशीच ठेवली, कारण सिलेक्ट खाली असलेलीच बरी, प्रिंटर निवडलेला राहतो. हेड सरकलं. सरांनी कॅसेट लावली, प्रोग्रॅम चढला, त्यांनी छपाई सुरू करणारं कंट्रोल-बी दाबलं आणि प्रिंटर वाजू लागला.

तो एकाच ओळीवर छापत होता. मृगावर आर्द्रा, आर्द्रावर पुनर्वसू, कागद फाटेपर्यंत काळा. मी केबलकडे धावलो, पण सरांनी हात वर करून थांबवलं. "थांब रे झिला." त्यांनी जुनी वही उघडली, पान सापडायच्या आधीच बोटं कीबोर्डवर गेली: स्टार एफएक्स ६,०. हे यंत्र प्रिंटरकडे लाइन फीड, म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकवायची खूण, पाठवतच नाही, मुद्दाम गाळतं. कागद सरकवायचं काम प्रिंटर स्वतः करतो असं धरून चालतं. ही आज्ञा ते गाळणं बंद करते. दोन नंबरची ऑटोफीडची तार मी कापली नसती तर हे काम तिनेही केलं असतं. पण तीसेक वर्षं मागे पडलेली ती आज्ञा सरांच्या बोटांत शाबूत होती, हे पाहून मी तार जोडायचा विचार सोडला.

दुसऱ्यांदा कागद सरकत गेला. रोमन अक्षरांत मृगापासून हस्तापर्यंत एकेक नक्षत्र, समोर मिलिमीटर. शेवटच्या ओळीत नोंदी भरणाऱ्या मुलांची नावं होती. सर प्रत्येक नावाला थांबत होते: हा मुंबईक, हा बोटीवर, हिचा झील आता आपल्याच शाळेत. एका नावावर ते बराच वेळ थांबले आणि काही बोलले नाहीत. मी गप्प बसून राहिलो.

निघताना केबलवर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं: 'फक्त बीबीसीसाठी. २, ४, ६ कापलेल्या आहेत.' खाली तारीख घातली. सरांनी ती केबल त्याच धोतराच्या कापडात, यंत्राशेजारी ठेवली.