सुकान वढतंय तुजं

फेब्रुवारीत अलिबागकडून होबी १६ नावाची एक जुनी शिडाची कॅटामरान बोट घेतली, पंचवीसेक वर्षांची असेल, शेडमध्ये उलटी पडून होती. १७ फुटी आयशर ट्रकमध्ये दोन्ही हल (बोटीचे तरंगणारे सांगाडे) मावले पण डोलकाठी साडेसव्वीस फुटांची, ती केबिनच्या वरून बांधून मागे लाल फडकं लावून नेरूळपर्यंत आणली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅटामरान म्हणजे दोन अरुंद हल, मध्ये अॅल्युमिनियमचे आडवे पाइप आणि त्यावर ताणलेलं कापड ज्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. आपल्या कोकणात उलांडीची होडी असते ना, तीही याच कुळातली, फक्त तिथे एक बाजू मोठी होडी आणि दुसरी नुसती उलांडी, म्हणजे तोल राखायला बाजूला बांधलेलं तरंगतं लाकूड.

होबी अमेरिकेतली, १९७० च्या आसपास बाजारात आली. लांबी ५.०५ मीटर, वजन साधारण १४५ किलो, दोन्ही शिडं मिळून वीस चौरस मीटरच्या आसपास. हिला मधलं खाली जाणारं पातं नसतं, हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असते, तेच पाण्याला धरून ठेवतं. आपल्या खाडीला हे फार सोयीचं, कारण ओहोटीला गाळ कुठे वर येईल याचा भरवसा नाही.

तर मार्चमध्ये बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या बाजूने पाण्यात घातली आणि जीव हिरमुसला. चांगला वारा असताना फोनवरच्या जीपीएसला सात-आठ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर जाईना. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून खांदे भरून यायचे, बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघायची. मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही ठरवून टाकलं की शिडं थकलीत, नवीन मागवायची, आणि त्याचा खर्च बोटीच्या निम्म्या किमतीएवढा होता. धक्क्यावर एक वयस्कर नाखवा जाळं शिवत बसायचे, ते रोज आमच्याकडे बघायचे. एक दिवस म्हणाले, "पोरा, शिडाला काय झालंय, सुकान वढतंय तुजं. आनि डावा पाय जड हाय, बसतोय बग." मी म्हटलं काका, एवढ्या लांबून कसं कळलं? "पान्यात रेघ बग ना मागची."

खरंच मागे दोन रेघा उठायच्या आणि डावीकडची जाड, फेसाळ.

मग जूनमध्ये मासेमारी बंद झाली, सगळ्या होड्या वर आल्या, आणि आमची बोट एका ओळखीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. आधी वजन केलं. डावा हल उजव्यापेक्षा ७ किलो जास्त! हल म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम, त्या फोमने वर्षानुवर्षं पाणी प्यायलं होतं. नाण्याने टकटक करत गेलो, चांगल्या जागी खणखणीत वाजतं आणि खराब जागी भद्द आवाज येतो, अंगठ्याने दाबलं की आत जातं. पुढच्या आडव्या पाइपाच्या पुढे हातभर जागा अशी मऊ झाली होती, जुन्या बोटींना नेमकं तिथेच होतं कारण लाटेचा मार तिथे बसतो. खडूने कडा आखली.

गळती शोधायला हलमध्ये हवा भरायची, पण कॉम्प्रेसर अजिबात लावायचा नाही, हल फुटू शकतो. नुसत्या तोंडाने फुंकायचं आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, जिथे बुडबुडे तिथे भोक. आमच्याकडे बुडबुडे आले ते सुकाणूच्या कडीच्या स्क्रूंपाशी आणि हलच्या तळाशी, जिथे कालवांच्या कवचांनी जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा लेप, पार कापून काढला होता.

सुकवायलाच पाच आठवडे गेले. पावसाळी हवा, ठाण्या-नवी मुंबईत जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत तिथे फोम कसला वाळतोय, त्यामुळे शेडमध्ये पंखा आणि साठचे दोन बल्ब रात्रंदिवस. मग मऊ जागेवर इंच-इंच अंतरावर ३ मिलिमीटरची भोकं, फक्त बाहेरच्या थरातून, ड्रिलला टेप गुंडाळून खोली पक्की करून, आणि मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने पातळ इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) खालच्या भोकातून सोडायचं, शेजारच्या भोकातून बाहेर आलं की पहिल्यावर टेप लावून पुढच्यावर जायचं. फायबरच्या होड्या करणारा एक पोरगा म्हणत होता साधं रेझिन टाका, स्वस्तात होईल, पण साधं पॉलिस्टर जुन्या फायबरला तितकं घट्ट धरत नाही, इथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हे काम मला सगळ्यात आवडलं. दुसऱ्या दिवशी नाणं वाजवलं आणि खण्ण आवाज आला तेव्हा मावसभावाला रात्री अकराला फोन करून तो आवाज ऐकवला.

सुकाणूकडे वळलो तर काका शब्दशः बरोबर होते. पात्यावर पाण्याचा दाब जिथे एकवटतो ती जागा, सुकाणू ज्या पिनेवर फिरतं तिच्या रेषेच्या फार मागे गेली की टिलर हाताला ओढतो, आणि तुम्ही सारखं वळवून धरता म्हणजे पातं पाण्यात तिरकं राहून ब्रेकसारखं काम करतं. आमची पाती झिजलेल्या भोकांमुळे मागे कलली होती. भोकं इपॉक्सीने भरून नव्याने पाडली, पात्याचं टोक थोडं पुढे, हलच्या खाली आलं. खिळखिळीसाठी पिना आणि बुश नवीन, आणि जिथे बुश मिळेना तिथे जाड बरणीच्या झाकणाचे वायसर कापले. मग दोन्ही पात्यांमधलं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजलं, दीड सेंटिमीटरचा फरक निघाला! म्हणजे दोन सुकाणू एकमेकांशी भांडत होते. जोडदांडा सैल करून अंतर सारखं केलं.

बाकीचं पटकन सांगतो. आडव्या पाइपांच्या चौकटीचे कर्ण मोजून सारखे केले, ट्रॅम्पोलिनची दोरी दोघांनी पाय लावून ओढली, चौकट ताठ झाली की वाऱ्याचा जोर पिळात वाया जात नाही. तारांवरून कापूस फिरवला, जिथे कापूस अडकतो तिथे तारेचा एक पदर तुटलेला असतो, तीनपैकी दोन तारा बदलल्या. डोलकाठीची सांधी सिलिकॉनने बंद केली, आत पाणी शिरलं तर उलटलेली बोट पार पालथी होते. आणि हो, डोलकाठी अॅल्युमिनियमची आहे, उभी करण्याआधी डोक्यावर विजेच्या तारा आहेत का हे दरवेळी बघा, दरवेळी.

शिडं जुनीच ठेवली.

नारळी पौर्णिमा गेली, पाऊस रेंगाळला, शेवटी ऑक्टोबरचा मुहूर्त लागला. दिवस काकांनीच काढून दिला. तिथीची पाऊणपट केली की आपल्याकडे भरतीची वेळ येते, म्हणजे षष्ठीला साडेचार, आणि दुपारचा खारा वारा तेव्हाच भरात असतो, शिवाय अष्टमी जवळ म्हणून पाण्याला ओढ कमी. पंचमी ते सप्तमी हे तीन दिवस आमच्या बोटीसाठीच केलेत असं वाटतं आता.

लाइफ जॅकेट घालून साडेतीनला निघालो. बेलापूरची खाडी मागे पडली, समोर अटल सेतूची लांबच लांब रेघ आणि डावीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन. वारा आडवा घेतला, उजवा हल हलका होऊन पाण्याबाहेर आला, मावसभाऊ ट्रॅपीझच्या, म्हणजे डोलकाठीवरून येणाऱ्या, तारेला अडकून तोल साधायला बोटीबाहेर लटकला आणि मी टिलर दोन बोटांत धरला होता, दोन बोटांत! जीपीएसला १२.४ नॉट. मी मागे वळून बघितलं, रेघा दोन होत्या आणि दोन्ही बारीक.

परत आलो तेव्हा काका धक्क्यावरच होते. काही बोलले नाहीत, टिलर हातात घेऊन दोनदा इकडे-तिकडे हलवून बघितला आणि विचारलं, "उद्या सप्तमी. मला नेशील?"